दोरी आणि हमी: फ्रीमाँटच्या कारखान्याचं प्रकरण

मार्च १९८२ मध्ये जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा आपला मोटारींचा कारखाना बंद केला, तेव्हा त्याची कारणं त्या उद्योगात सगळ्यांना पाठ होती. पाचातला एक कामगार कामावर यायचाच नाही. युनियनने नोंदवलेल्या आणि निकालात न निघालेल्या तक्रारींचा ढीग बरेचदा पाच हजारांच्या वर जायचा. १९६३ पासून १९८२ पर्यंत अचानक पुकारलेले संप आणि सामूहिक आजारपणाच्या रजा यांनी हा कारखाना चार वेळा ठप्प केला होता. कामाच्या वेळेत दारू चालायची, हेही कोणी लपवत नव्हतं. असा कारखाना बंद पडला की वरच्या मजल्यावर एकच वाक्य ऐकू येतं: तिथली माणसंच तशी होती.

डिसेंबर १९८४ मध्ये त्याच इमारतीतून एक पिवळी शेवरोले नोव्हा बाहेर पडली. ती जोडणारे बहुतेक हात जुनेच होते. जनरल मोटर्स आणि जपानच्या टोयोटाने भागीदारीत काढलेल्या नव्या कंपनीने पहिल्या टप्प्यात जे सुमारे २२०० कामगार घेतले, त्यांतले ८५ टक्क्यांच्या आसपास जुन्या फ्रीमाँटमधून आलेले होते. युनियनही तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. गैरहजेरी मात्र ३ टक्क्यांच्या घरात आली. १९८७ मध्ये अभ्यासकांनी तीन कारखान्यांची तुलना केली. एक गाडी जोडायला जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅमच्या कारखान्यात ३१ मनुष्यतास लागत होते, टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओका कारखान्यात १६ आणि फ्रीमाँटमध्ये १९. शंभर गाड्यांमागचे जोडणीतले दोष अनुक्रमे १३५, ४५ आणि ४५.

एका देशातली माणसं हाताळण्याची पद्धत दुसऱ्या देशात कशी न्यायची, या प्रश्नावर बोलताना मी दर वेळी या कारखान्याकडे परत येतो. अनेक देशांत पसरलेल्या कंपनीत काही बिनसलं की दोन उत्तरं तयार असतात. ‘इथली माणसं अशीच’ हे पहिलं. ‘तिकडची संस्कृतीच वेगळी, ते आपल्याकडे चालायचं नाही’ हे दुसरं. फ्रीमाँटमध्ये इमारत तीच होती, माणसं तीच होती, देश तोच होता. बदलली होती ती फक्त व्यवस्था. त्यामुळे पहिलं उत्तर तिथे टिकत नाही. दुसरंही टिकत नाही, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

दोन कंपन्यांची गरज

१९८१ मध्ये जपानने अमेरिकेत जाणाऱ्या मोटारींच्या संख्येवर स्वतःहून मर्यादा घालून घेतली. अमेरिकेत विकायचं तर अमेरिकेतच बनवायला हवं, हे जपानी कंपन्यांना कळून चुकलं. होंडाने १९८२ मध्ये ओहायोत आणि निस्सानने १९८३ मध्ये टेनेसीत उत्पादन सुरू केलं. दोघांनी कोरी जागा, नवी माणसं आणि युनियनविना कारभार असा रस्ता धरला. टोयोटा या बाबतीत मागे होती आणि सावधही. अमेरिकी कामगार आणि अमेरिकी युनियन यांच्याबरोबर आपली पद्धत चालेल का, हे तिला आधी कमी जोखमीत पाहायचं होतं. जनरल मोटर्सला छोटी मोटार फायद्यात कशी बनवायची ते जमत नव्हतं आणि फ्रीमाँटची रिकामी इमारत हाताशी होती. फेब्रुवारी १९८३ मध्ये रॉजर स्मिथ आणि एइजी तोयोदा या दोन अध्यक्षांनी करारावर सह्या केल्या. निम्मी निम्मी भागीदारी ठरली आणि कंपनीचं नाव ठेवलं न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, थोडक्यात न्यूमी. कारखाना चालवायचा टोयोटाने, पहिले अध्यक्ष तात्सुरो तोयोदा. जनरल मोटर्सने आपले व्यवस्थापक शिकायला पाठवायचे.

मनुष्यबळाच्या दृष्टीने पहिला खरा पेच पुढे आला. टोयोटाला जुने कामगार नको होते, निदान त्यांचं ओझं नको होतं. युनियनला जुने कामगार हवेच होते, कारण ते तिचे सभासद होते आणि दोन वर्षं घरी बसून होते. मध्यस्थीसाठी अमेरिकेचे माजी कामगारमंत्री विल्यम युसेरी यांना आणलं गेलं. सप्टेंबर १९८३ मध्ये समझोता झाला. न्यूमीने एकही माणूस भरती करण्याआधी युनियनला मान्यता दिली आणि बहुतेक कामगार जुन्या फ्रीमाँटमधूनच घेण्याचं कबूल केलं. भरती मात्र ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे होणार नव्हती. प्रत्येकाला नव्याने अर्ज करून निवडीतून जावं लागणार होतं.

देवाणघेवाण दोन्हीकडून झाली आणि मोठी झाली. अमेरिकी वाहन उद्योगात कामांची वर्गवारी हा युनियनने वर्षानुवर्षांच्या लढ्यातून उभा केलेला किल्ला होता. फ्रीमाँटमध्ये ऐंशीच्या वर वर्ग होते. ज्याच्या वर्गात बोल्ट आवळणं बसतं त्याने बोल्टच आवळायचा. शेजारी तेल सांडलं तर ते पुसायला दुसऱ्या वर्गाचा माणूस येईपर्यंत थांबायचं. बाहेरून पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं. पण फोरमनच्या मर्जीवर ज्याची रोजची भाकरी अवलंबून असते, त्याला ती भिंत का हवी असते हे समजून घेतल्याशिवाय ती पाडायला निघू नये. न्यूमीत उत्पादनातल्या कामगारांसाठी एकच वर्ग उरला आणि कुशल कारागिरांचे जेमतेम दोन-तीन. युनियनने किल्ला सोडला.

बदल्यात काय मिळालं? करारात एक कलम आलं. कंपनीचं दूरचं अस्तित्वच धोक्यात येईल इतकी गंभीर आर्थिक परिस्थिती ओढवल्याशिवाय कामगारकपात करणार नाही, असं न्यूमीने लेखी दिलं. तशी वेळ आलीच तर आधी अधिकाऱ्यांचे आणि व्यवस्थापनाचे पगार कमी होतील, बाहेर दिलेली कामं आत आणली जातील, आणि त्यानंतरच कपातीचा विचार होईल, असा क्रमही त्यात नोंदवला. जुलै १९८५ च्या पहिल्या सामूहिक करारात हे सगळं आहे. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्ली या कलमात आहे. गाड्या, यंत्रं, जपानी शब्द हे सगळं त्याच्या नंतर येतं.

१९५० ची गोष्ट

आता दुसऱ्या उत्तराकडे. नोकरीची शाश्वती, कंपनीवरची निष्ठा, सगळ्यांनी मिळून सुधारणा करणं हे जपानी माणसाच्या रक्तातच असतं, असं सर्रास म्हटलं जातं. टोयोटाचा स्वतःचा इतिहास तसं सांगत नाही.

१९५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कर्ज देणाऱ्या बँकांच्या दबावाखाली कंपनीने कामगारकपात काढली. युनियनने संप केला आणि तो चिघळला. शेवटी मोठ्या संख्येने कामगार गेले, आणि त्यांच्यासोबत संस्थापक आणि तेव्हाचे अध्यक्ष किइचिरो तोयोदा यांनीही जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. राहिलेल्या कामगारांशी पुढच्या वर्षांत जे नातं जुळत गेलं, त्यातून नोकरीची शाश्वती आणि त्या बदल्यात कामाच्या पद्धतीत लवचिकपणा हा सौदा आकाराला आला. हा सौदा संघर्षातून निघाला होता. दोन्ही बाजूंनी त्याची किंमत मोजली होती. म्हणून फ्रीमाँटमध्ये टोयोटाच्या लोकांनी संस्कृती आयात केली असं म्हणणं मला पटत नाही. त्यांना एक जुना सौदा माहीत होता आणि त्याच्या दोन्ही बाजू त्यांनी फ्रीमाँटच्या टेबलावर ठेवल्या.

काय आणलं नाही, हेही तितकंच बोलकं आहे. जपानमध्ये वयाप्रमाणे आणि सेवेप्रमाणे पगार चढत जातो, ते फ्रीमाँटला आलं नाही. तिथे उत्पादनातल्या सगळ्यांना एकच दर होता, तो अमेरिकी युनियनच्या दरांच्या जवळपासचा, आणि टीम लीडरला, म्हणजे छोट्या गटाच्या प्रमुखाला, थोडा अधिक. जपानमधली युनियन कंपनीपुरती असते. इथे देशभरच्या उद्योगाची युनियन तशीच राहिली. जेवणाचं कँटीन सगळ्यांचं एक झालं. अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या पार्किंगच्या जागा गेल्या.

तीन आठवडे ताकाओकात

१९८४ च्या उन्हाळ्यापासून न्यूमीने आपल्या सुमारे ४५० टीम लीडर आणि ग्रुप लीडर मंडळींना गटागटाने जपानला पाठवलं. तीन आठवडे. यांतले बरेच जण कालपर्यंत फ्रीमाँटमध्ये जोडणीच्या रांगेवर (असेंब्ली लाइनवर) उभे राहिलेले. त्यांना वर्गात बसवून तत्त्वज्ञान ऐकवण्यावर भर नव्हता. ताकाओकाच्या चालू रांगेवर, तिथल्या कामगाराच्या शेजारी उभं करून प्रत्यक्ष काम करायला लावलं.

तिथे त्यांच्या डोळ्यांसमोर जे रोज घडत होतं, ते जरा जवळून पाहू. रांगेच्या कडेने, हात वर केला की सापडेल अशा उंचीवर एक दोरी गेलेली असते. गाडी माझ्या जागेवर आली. मला चार बोल्ट बसवायचे आहेत, तिसऱ्याचा आटा धरत नाही. माझ्याकडे अवघा एक मिनिट आहे. मी दोरी ओढतो. एक धून वाजते, डोक्यावरच्या फलकावर माझ्या जागेचा क्रमांक पेटतो. रांग अजून चालूच असते. टीम लीडर पावलं उचलत येतो, माझ्या शेजारी वाकतो, बोल्ट काढतो, पाहतो, दुसरा लावतो. जमलं, तर तोच दोरी पुन्हा ओढतो आणि दिवा विझतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचली आणि तरीही जमलं नाही, तर तेवढा टप्पा थांबतो. त्या टप्प्यातले मागचे पुढचे सगळे थांबतात.

हे ज्यांनी पाहिलं त्यांच्या आयुष्यातला जुना नियम याच्या नेमका उलटा होता. रांग थांबता कामा नये. इंजिन उलटं बसलं तरी गाडी पुढे जाऊ द्यायची, ती शेवटी दुरुस्तीच्या आवारात जाईल आणि तिथे कोणीतरी ती उसवून नीट करेल. रांग थांबवण्याचा अधिकार वरच्या माणसाचा. कामगाराने थांबवली तर त्याच्यावर बालंट यायचं.

माझ्या लेखी या प्रशिक्षणाचं मर्म प्रवासात नाही आणि जपानमध्येही नाही. चूक कबूल करून रांग अडवणाऱ्या माणसाजवळ वरिष्ठ येतो आणि ‘काय अडलं?’ असं विचारतो, हे त्यांनी दिवसातून अनेक वेळा पाहिलं. पुस्तिका वाचून यावर कोणाचा विश्वास बसला नसता. आणखी एक गोष्ट त्यांना पाहता आली, जी प्रशिक्षणाच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेली नसते. ताकाओकातल्या कामगाराला आपली चूक उघडी करायची भीती वाटत नव्हती, कारण त्या चुकीने किंवा तिच्यातून निघालेल्या सुधारणेने त्याची नोकरी जाणार नव्हती.

इथे दोरी आणि हमी एकमेकींना भेटतात. दोरी ओढून मी कंपनीला सांगतो की माझ्या कामात अमुक अडचण आहे. अडचण सुटली की काम सोपं होतं. काम सोपं झालं की कदाचित चौघांच्या जागी तिघे पुरतात. चौथ्याची नोकरी सुरक्षित नसेल, तर पहिल्या तिघांनी अडचण लपवणं हाच शहाणपणा ठरतो. कोणत्याही देशातला कामगार हे गणित करू शकतो, आणि करतो.

स्टॉपवॉच कोणाच्या हातात

कारखान्यातल्या कामाच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे कामगाराच्या मागे घड्याळ घेऊन उभ्या राहिलेल्या इंजिनिअरचा इतिहास. फ्रीमाँटमध्ये जुन्या दिवसांत हे इंजिनिअर आले की कामगार मुद्दाम सावकाश काम करायचे, आणि तसं का करायचे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं. न्यूमीत घड्याळ टीमच्या हाती दिलं गेलं. चार-सहा जणांची टीम आपल्याच कामाच्या हालचाली मोजायची, कोणता क्रम सोपा आणि सुरक्षित ते ठरवायची आणि तो कागदावर उतरवायची. दुसऱ्या शिफ्टच्या टीमशी तो ताडून पाहायचा. मग तो सगळ्यांनी पाळायचा, आणि कोणाला आणखी चांगला क्रम सुचला तर कागद बदलायचा. १९९१ पर्यंत कामगारांकडून वर्षाला दहा हजारांवर सूचना येत होत्या आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक अमलात येत होत्या.

हे काम हलकं नव्हतं. जुन्या फ्रीमाँटमध्ये साठ सेकंदांतले सुमारे ४५ सेकंद कामगार खरोखर कामात असायचा, न्यूमीत सुमारे ५७. याचं सरळ भाषेत भाषांतर करायला हवं, कारण कौतुकाच्या भरात ते निसटतं: माणसाकडून दर मिनिटाला बारा सेकंदांचं काम जास्त घेतलं जात होतं, दिवसभर, वर्षानुवर्षं. कामगारांनी ते मान्य केलं, कारण कामाची आखणी त्यांच्या हाती होती आणि नोकरी टिकणार होती. पण शरीराचं गणित वेगळं असतं. युनियनमध्ये टीम पद्धतीवर नाराज असलेला एक गट उभा राहिला आणि निवडणुकांत त्याने जोर धरला. १९९३ च्या नव्या मॉडेलच्या वेळी कामाची जुळवणी घाईत झाली, दुखापती वाढल्या, आणि कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने खांदे, मनगट, पाठ यांवर येणाऱ्या ताणाबद्दल कंपनीवर ठपका ठेवला. पुढच्या मॉडेलच्या वेळी कामगारांना आणि या विषयाच्या तज्ज्ञांना आधीपासून आखणीत घेतलं गेलं. न्यूमीचं गुणगान करणाऱ्या सादरीकरणांतून हा भाग गाळला जातो, याचं मला वाईट वाटतं. पद्धत चांगली होती हे सांगताना ती कोणाच्या मनगटावर उभी होती हेही सांगायला हवं.

१९८८

लेखी हमीची किंमत मंदीत कळते. शेवरोले नोव्हा अपेक्षेइतकी विकली गेली नाही. जवळपास तीच गाडी टोयोटाच्या नावाने विकली की गिऱ्हाईक मिळायचं, हा भाग वेगळा. १९८८ पर्यंत कारखाना आपल्या क्षमतेच्या साठ टक्क्यांच्याही खाली चालत होता. अमेरिकी वाहन उद्योगात अशा वेळी काय होतं हे प्रत्येक कामगाराला माहीत होतं, कारण १९८२ मध्ये त्याने ते भोगलं होतं.

न्यूमीने कोणाला काढलं नाही. रांगेचा वेग कमी केला. मोकळ्या झालेल्या माणसांना प्रशिक्षणात घातलं, सुधारणेच्या गटांत बसवलं, बाहेरच्या कंत्राटदारांना दिलेली काही कामं आत आणून त्यांच्याकडे सोपवली.

या काही महिन्यांनी न्यूमीत जे घडवलं ते तीन आठवड्यांच्या जपान दौऱ्याने घडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. तोवर कलम म्हणजे कागद होता. आता कामगारांनी तो कागद तोट्याच्या काळात पाळलेला पाहिला. मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने १९८८ चा हा प्रसंग आपल्या वित्त विभागातल्या सहकाऱ्यासमोर ठेवावा. ती मंदी सोसायला पैसा लागला असणारच. पण त्यानंतर दोरी ओढणाऱ्या हातामागे जो विश्वास उभा राहिला, तो दुसऱ्या कुठल्या खर्चाने विकत घेता आला नसता.

सोळा माणसं आणि त्यांचं परतणं

जनरल मोटर्सची बाजू आता. तिने भागीदारीत निम्मा वाटा घेतला होता तो शिकण्यासाठी. सुरुवातीला सोळाएक व्यवस्थापक न्यूमीत पाठवले. दोन-तीन वर्षं तिथे राहायचं, समजून घ्यायचं आणि परत जायचं. ही माणसं हुशार होती आणि जे पाहिलं त्याने भारावलेलीही होती. १९८५ मध्ये कंपनीने न्यूमीतच एक संपर्क कार्यालय उघडलं आणि इतर कारखान्यांच्या लोकांना तिथून फेऱ्या घडवल्या. कारखाना दाखवण्यात टोयोटाने हात आखडता घेतला नाही.

अडचण परतीच्या प्रवासात होती. परतणाऱ्याला कुठे बसवायचं, याची आखणीच नव्हती. हे सोळा जण एकेकटे, वेगवेगळ्या कारखान्यांत आणि विभागांत विखुरले गेले. कल्पना करा: जिथे प्लांट मॅनेजरचा बोनस रोजच्या गाड्यांच्या आकड्यावर ठरतो, तिथे एक माणूस येतो आणि म्हणतो, कामगाराला रांग थांबवू द्या. ऐकणारा वाईट नसतो. त्याच्या हातातला तक्ता त्याला नाही म्हणायला लावतो.

परदेशी नेमणुकीवरून परतलेल्यांच्या बाबतीत हे आजही घडतं. जाताना घर, शाळा, व्हिसा, कर सगळ्याची फाइल तयार असते. परतल्यावर पहिला प्रश्न खर्चाच्या बिलांचा येतो, आणि ‘तू जे शिकलास ते वापरता यावं म्हणून तुझ्यासोबत आणखी कोण हवं, कोणता नियम बदलायला हवा?’ हा प्रश्न कोणीच विचारत नाही. माणूस वर्षभरात कंपनी सोडतो किंवा गप्प होतो. दोन्हींत शिकलेलं वाया जातं.

कॅलिफोर्नियातच, लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात जनरल मोटर्सने १९८७ पासून टीम पद्धत आणली. युनियनच्या सभासदांनी ती थोड्या मताधिक्याने मंजूर केली होती, आणि मंजूर न केल्यास कारखाना बंद होईल ही टांगती तलवार डोक्यावर होती. टीम बनल्या. दोऱ्या आल्या. पण फोरमनच्या दृष्टीने थांबलेली रांग हा अजूनही गुन्हाच होता. पुरवठादारांकडून येणारे सुटे भाग पूर्वीइतकेच सदोष होते आणि दोरी ओढली तरी ते बदलणारं कोणी नव्हतं. आणि नोकरीची हमी? जो कारखाना टीम पद्धत न स्वीकारल्यास बंद करू म्हणून धमकावला गेला होता, तिथे ती देता येणं शक्यच नव्हतं. कामगारांनी टीम पद्धतीचा अर्थ एकमेकांवर पहारा असा लावला. ज्येष्ठतेचे हक्क गेले, मिळालं काय ते दिसेना. १९९२ मध्ये व्हॅन नाइस बंद झालं.

फ्रीमाँट आणि व्हॅन नाइस यांच्यामध्ये काही तासांचा रस्ता आहे. एकच राज्य, एकच कामगार कायदा, एकच युनियन. ताकाओका समुद्रापार आहे. पद्धत समुद्र ओलांडून पोचली आणि त्या रस्त्यावर अडली. देशादेशांतल्या अंतराचे तक्ते काढून मनुष्यबळाचं धोरण ठरवणाऱ्यांनी या नकाशापाशी जरा थांबावं.

जनरल मोटर्सला पुढे जमलं, तेही नोंदवायला हवं. १९९२ मध्ये तिची जर्मन कंपनी ओपेलने आयझेनाख इथे, म्हणजे नुकत्याच एकत्र आलेल्या जर्मनीच्या पूर्व भागात, नवा कारखाना सुरू केला. तिथे न्यूमी आणि कॅनडातल्या सुझुकीबरोबरच्या भागीदारीत तयार झालेली माणसं एका गटाने पाठवली गेली. एकट्यादुकट्या सल्लागाराऐवजी मोक्याच्या जागांवर ही पद्धत स्वतः जगलेले लोक बसले. प्लांट मॅनेजर तेच बोलत होता, इंजिनिअर तेच, प्रशिक्षकही तेच. जर्मनीत कामगारांच्या प्रतिनिधी मंडळाला कायद्यानेच कामाच्या नियमांत वाटा असतो, आणि त्याच्याशी आधी बोलणी करून टीमची रचना ठरली. आयझेनाख युरोपातल्या सर्वांत कार्यक्षम मोटार कारखान्यांपैकी एक ठरलं. जपानी पद्धत, अमेरिकी कंपनी, जर्मन कामगार. या वेळी परतणारी माणसं एकटी नव्हती, एवढा फरक होता. फ्रीमाँटमध्ये ती शाळा सुरू होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

सही कोणाची

न्यूमी पंचवीस वर्षं चालली. सुमारे ८० लाख गाड्या तिथून बाहेर पडल्या. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि त्याच महिन्यात न्यूमीतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. तिच्यासाठी तिथे बनणारी पाँटिअॅक व्हाइब ही गाडी ज्या नावाखाली विकली जायची, ते नावच ती बंद करत होती. ऑगस्टमध्ये टोयोटाने सांगितलं की एकटीने हा कारखाना चालवणं तिला परवडणार नाही. अमेरिकेतल्या तिच्या कारखान्यांत युनियन असलेला मोटारजोडणीचा हा एकच कारखाना होता, आणि कामगारांच्या मनात या दोन गोष्टींचा संबंध लागल्याशिवाय राहिला नाही.

१९८५ च्या कलमाचं काय झालं? त्यात हमी दिली होती न्यूमीने. कंपनीचं अस्तित्व धोक्यात आलं तर कपात, ही अट होती आणि अस्तित्व खरोखरच संपत होतं. पण ते संपत होतं दोन मालकांच्या निर्णयाने, आणि त्या दोघांपैकी कोणाचीही सही त्या कलमाखाली नव्हती. दुसऱ्या देशात भागीदारी करून माणसं घेणाऱ्या कंपनीत मनुष्यबळाचा करार लिहिताना मी आता हा प्रश्न आधी विचारतो: हमी देणारी उपकंपनी उद्या उरली नाही, तर मागे उभं राहणारं कोण? १९८३ च्या बोलण्यांत युनियनने कामांचे वर्ग, ज्येष्ठता, भरती या सगळ्याचा हिशेब मांडला होता. मालक निघून गेले तर काय, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नसावं. रिकाम्या कारखान्यासमोर दोन वर्षं थांबलेल्या माणसांना मालक येतोय हीच मोठी गोष्ट होती.

१ एप्रिल २०१० रोजी एक लाल कोरोला रांगेवरून उतरली आणि ४७०० च्या आसपास माणसांची नोकरी संपली. पुढच्याच महिन्यात टेस्लाने ती इमारत ४ कोटी २० लाख डॉलरला घ्यायचं ठरवलं. टेस्ला त्या इमारतीत विनायुनियन शिरली.